पगारेभाऊंचा केर

रोज संध्याकाळी साडेपाचला पगारेभाऊ माझ्या टेबलासमोर यायचे, उजवा तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "द्या ताई, केर."

ते खरोखरच केर मागत. मी दिवसभर कात्रीने कापून टेबलाखालच्या पत्र्याच्या टोपलीत टाकलेले कागदाचे तुकडे त्यांना हवे असत. एकेक तुकडा ते सरळ करत, मागे शिसपेन्सिलीने पेशंटचं नाव लिहीत आणि बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात ठेवत. तो डबा त्यांच्या खोलीतल्या कपाटात असे, कुलपात. औषधांचं कपाट दिवसभर उघडं आणि केराला कुलूप, असा आमचा दवाखाना.

दवाखाना नाशकाच्या जुन्या भागातला, एका ट्रस्टचा. नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात दवाखान्याचा दोष नव्हता. दोष माझा होता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत, म्हणून ते आधीच लिहून टाकते. नाहीतर पगारेभाऊंच्या गमती सांगता सांगता मी नेहमीसारखी शेवटाच्या जरा अलीकडे थांबेन आणि म्हणेन, चला, चहा टाकते.

पगारेभाऊ ईसीजी काढायचे. सत्तर-ऐंशीच्या काळात ते यंत्र म्हणजे ट्रंकेएवढी पेटी होती. हातापायांना पट्टे बांधायचे, छातीवर रबरी फुगे चिकटवायचे, मग पेटीतून तीन बोटं रुंदीची कागदाची पट्टी सरसर बाहेर येई आणि तापलेली सुई तिच्यावर हृदयाची रेघ ओढत जाई. ती पट्टी माझ्याकडे येई. मी तिथली क्लार्क. टायपिंग, रजिस्टर आणि हे एक काम: पट्टी कापून छापील कार्डावर चिकटवायची. कार्डावर बारा चौकोन. एका चौकोनात तीन ठोके मावत, फार तर चार. उरलेलं टोपलीत.

माझी कार्डं सुंदर असत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कबुलीचा भाग म्हणून सांगते आहे. सारख्या उंचीचे, सारख्या अंतराचे ठोके मी शोधून काढायची. कडा सरळ, खळीचा डाग नाही. आमचे मोठे डॉक्टर म्हणत, "देवरेबाईंचं कार्ड फ्रेम करून लावावं."

पगारेभाऊ तेवढे म्हणत नसत. "ताई, तुमच्या कार्डावर सगळे पेशंट लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसतात. आजारी माणूस केरात राहतो."

भाऊ मूळचे नामपूरचे. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल, पांढऱ्या कोटाचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. बोलणं आमच्यासारखंच, पण आतून हलले की अहिराणी बाहेर यायची. आणि बोटं कायम वाजत असायची. टेबलावर, खिडकीच्या गजावर, चहाच्या ग्लासावर. सुरुवातीला मला वाटलं, भजनाची सवय असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "हे सकाळचे सिन्नरचे गुरुजी." मग जरा ऐकून, "गुरुजी घाईत आहेत." जेवणाच्या सुट्टीत आम्ही ओळखायचा खेळ खेळायचो. ते एखाद्या पेशंटचे ठोके वाजवायचे आणि नर्सा ओरडायच्या, "चार नंबर! पित्ताची बाई!"

पेशंट आडवा झाला की त्यांचं एक भाषण ठरलेलं. "घड्याळ काढा. चाव्या काढा. चिंता असू द्या, ती यंत्राला दिसत नाही."

आता खड्ड्याचं सांगते.

यंत्राला अर्थिंग लागे. ते नसलं तर भिंतीतल्या विजेची थरथर रेघेत मिसळे आणि रेघ केसाळ येई. म्हणून भाऊंनी आपल्या खिडकीखाली खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ भरलं आणि तिची तार खिडकीतून यंत्राला जोडली. खड्डा ओला राहायला हवा. तेव्हा रोज सकाळी कामाला लागण्याआधी भाऊ तिथे तांब्याभर पाणी घालत. एका आजींनी ते पाहिलं आणि विचारलं, "हे काय हो दादा?"

भाऊंनी अगदी शब्दशः खरं उत्तर दिलं. "आजी, याला पाणी घातल्याशिवाय काळजातलं खरं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर हळदकुंकू होतं. आठवड्यात उदबत्ती आली, पंधरवड्यात एक छोटा झेंडा. महिन्याभराने पेशंटचे नातेवाईक आधी खड्ड्याला नारळ फोडून मग केसपेपर काढू लागले. भाऊ बौद्ध. देव मानणार नाही अशी जाहीर प्रतिज्ञा केलेला माणूस. ते तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेले; मी टायपिंगचे कागद घेऊन तिथेच उभी होते.

"डॉक्टर, मला पुजारी केलं लोकांनी."

"रेघ कशी येते हल्ली?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊंचा चेहरा पडला. "अतिशय स्वच्छ येते. नारळाच्या पाण्याने ओल टिकते."

"मग राहू द्या."

तेव्हा भाऊंनी पुठ्ठ्यावर पाटी लिहून लावली: नारळ खड्ड्यातच फोडावा. मीठ वाहिल्यास उत्तम. तेल वाहू नये. लोकांना हा विधी फार कडक आणि म्हणून जागृत वाटला. सिन्नरहून माणसं मिठाच्या पुड्या घेऊन येऊ लागली. प्रसादाचं खोबरं सगळ्या दवाखान्यात फिरे, भाऊ मात्र हात लावत नसत. "मी खड्ड्याचा नोकर आहे," म्हणत, "भक्त नाही."

भाऊंचं खरं प्रेम एकाच दुखण्यावर होतं. हृदयात वीज निघते आणि वाटेत अडते, ते दुखणं. डॉक्टर त्याला ब्लॉक म्हणत. नव्या नर्सांना ते शिकवायचं काम भाऊंनी आपणहून घेतलं होतं आणि त्यासाठी त्यांनी आमचा शिपाई सोपान वापरला.

"काळजाला वरचा मजला असतो आणि खालचा," ते सांगत. "वर डॉक्टर बसलेत, ते घंटा वाजवतात. खाली सोपान. घंटा ऐकली की तो एक पेशंट वर सोडतो. घंटा, पेशंट. घंटा, पेशंट. हे चांगलं काळीज. आता पहिला सोपान. हा उशिरा सोडतो, पण प्रत्येक घंटेला सोडतो. त्याला रागवायचं नाही. दुसरा सोपान दर घंटेला आधीपेक्षा जास्त उशीर करतो आणि शेवटी एक पेशंट गाळून बिडी ओढायला जातो. परत आला की पुन्हा ताजा. हा आळशी, पण लबाड नाही. आधी लक्षण दाखवतो."

"आणि तिसरा?"

"तिसरा वाईट. अगदी वेळेवर. कधी उशीर नाही. आणि एकदम, न सांगता, दांडी. आज एक घंटा चुकवील, उद्या दहा. आणि त्याला वेळीच पकडला नाही, तर तो चौथा होतो. चौथ्याला घंटा ऐकूच येत नाही. वर डॉक्टर बडवतायत, आणि खाली हा आपल्या मर्जीने, सावकाश, वाटेल तेव्हा एकेक सोडतोय. माणूस जगतो तसा, पण चालता चालता पडतो."

सोपान माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "बाई, मी काय लोकांच्या छातीत बसलोय का? मला दोन पोरं हायेत. उद्या कोणी गेलं तर म्हणतील, सोपाननं मारलं." त्याला लेखी माफी हवी होती. पण सहा महिन्यांत नर्सा राउंडवर बोलू लागल्या, "सहा नंबरला दुसरा सोपान आहे, सर," आणि डॉक्टर मान हलवू लागले. मग सोपानला चढलं. तो स्टुलावर बसल्या बसल्या पेशंटना सांगायचा, "घाबरू नका काका. तुमच्यात माझा पहिला प्रकार निघालाय. तो लय गरीब."

अंबडच्या कारखान्यातले एक फिटर होते, इस्माईलभाई. मशीनवर उभे असता मधूनच कोसळायचे आणि मिनिटाभरात उठून कामाला लागायचे. तीनदा आले, तीनदा ईसीजी निघाला. तिन्ही कार्डं माझ्या हातची, देखणी. डॉक्टरांनी मनावर ताण आहे असं लिहिलं. फोरमन म्हणाला, ढोंग आहे, आणखी एकदा पडलास तर घरी बस.

भाऊंनी कुलूप उघडलं. इस्माईलभाईंच्या नावाचे सगळे तुकडे डब्यातून काढले, माझ्याच खळीने दोन दिवस बसून क्रमाने जोडले आणि तिसऱ्या सकाळी ती पट्टी त्यांच्या खोलीच्या दारापासून ओपीडीच्या जिन्यापर्यंत कॉरिडॉरमध्ये अंथरली. उडू नये म्हणून वर औषधांच्या बाटल्या. सोपान तिच्या कडेने फिरत होता, "चपला काढा! रेघ चालू आहे!" आणि माणसं खरोखर चपला काढून भिंतीला चिकटून चालत होती. एका बाईंनी तिला हात लावून नमस्कार केला.

मोठे डॉक्टर आले. वाकून, हात पाठीमागे बांधून, रेघेबरोबर एकेक पाऊल चालत निघाले. इस्माईलभाई बाकावरून स्वतःच्या काळजाशेजारून चाललेल्या डॉक्टरांकडे बघत होते. जिन्याच्या अलीकडे डॉक्टर थांबले.

"इथे काय झालं?"

"दांडी," भाऊ म्हणाले. "तिसरा सोपान."

"हजर आहे!" सोपान म्हणाला.

डॉक्टर गुडघ्यावर बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे कार्डावर का नाही?"

माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही, त्यावरूनच मला कळलं. डॉक्टर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "देवरेबाई, तुमची कात्री एखाद्या दिवशी माणूस घेईल."

"चौकोन लहान आहे, डॉक्टर," भाऊ लगेच म्हणाले. "ताई काय करतील?"

त्यांनी माझी बाजू घेतली, हे मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. हेही कबुलीत येतं.

इस्माईलभाई मुंबईला जाऊन छातीत पेसमेकर बसवून आले आणि पुन्हा मशीनवर उभे राहिले. त्यानंतर दर शुक्रवारी ते एक बादली घेऊन येत आणि खड्ड्यात ओतत. म्हणत, "नारळ-बिरळ आपल्यात नाही चालत, भाऊ. पण पानी डालनेको कोन ना बोलेगा?"

पुढे चारेक वर्षांनी, ऐंशी साल उलटून गेल्यावर, ट्रस्टने ठरवलं की पन्नाशीपुढच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची तपासणी करायची आणि मगच त्याची नोकरी पुढे चालू ठेवायची. भाऊंना त्याआधी दोनदा भोवळ आली होती. एकदा चहाचा ग्लास हातातून पडला. "पित्त," म्हणाले. पित्त नव्हे हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? पण दुसऱ्याची रेघ वाचणारा माणूस स्वतःची वाचायला किती टाळाटाळ करतो, ते मी बघत होते.

अखेर एका दुपारी ते म्हणाले, "ताई, माझा ईसीजी तुम्ही काढा. मी आडवा असणार, मग यंत्र कोण चालवील?"

त्यांनीच मला शिकवलं होतं. कोट काढून ते खाटेवर पडले. मी पट्टे बांधले. ते आढ्याकडे बघत सूचना देत होते, "तिसरा फुगा जरा खाली. सुई तापली का बघा. आता पळवा." पहिल्यांदाच त्यांची बोटं वाजत नव्हती.

पट्टी निघाली. घंटा, पेशंट. घंटा, पेशंट. सरळ, वेळेवर, लग्नाच्या फोटोसारखी. मग एक घंटा आली आणि पुढे काहीच नाही. आणखी एक घंटा, पुढे काहीच नाही. नुसती आडवी रेघ आणि तिच्यावर वरच्या मजल्याचे दोन छोटे उंचवटे. मग पुन्हा सगळं वेळेवर.

भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. ते क्षणभर कुठेतरी जाऊन आल्यासारखे दिसले. मग तसेच पडून त्यांनी विचारलं, "काय म्हणतो सोपान?"

"हजर आहे," मी म्हणाले.

ते हसले. "आज तरी नीट कापा, ताई. माझंच आहे."

मी दयेपोटी कापलं, नोकरी जाऊ नये म्हणून कापलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. 'आज तरी' हे दोन शब्द मला झोंबले, हे एक. आणि वाईट बातमी माझ्या तोंडून बाहेर पडत नाही, हे दुसरं. घरीही नाही, आजही नाही. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हणाले. आणि तिसरं, सगळ्यात लाजेचं: ती मोकळी रेघ कुठल्याच चौकोनात बसत नव्हती. हात सवयीने गेला. दोन्ही बाजूंनी सरळ कापली. कार्ड इतकं सुरेख झालं, की डॉक्टरांनी त्यावर 'नॉर्मल' लिहिलं आणि वर मला दाखवून म्हणाले, "याला म्हणतात काळीज."

तो तुकडा मी टोपलीत टाकला नाही. पर्समध्ये, बसच्या पासमागे ठेवला.

साडेपाचला हात पुढे आला. "द्या ताई, केर." भाऊंनी आपलेच तुकडे जुळवले, कार्डाशेजारी धरले, वितीने मोजले. "वीतभर कमी आहे."

"सुई अडकली होती. तेवढा फाडून टाकला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि उरलेल्या तुकड्यांमागे स्वतःचं नाव लिहायला लागले.

पुढचे अकरा दिवस मी रोज सांगायला त्यांच्या खोलीत गेले. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "भाऊ, चहा घेता का?" अकरा दिवसांत मी त्या माणसाला न सांगता येणाऱ्या गोष्टीपायी वीसेक कप चहा पाजला. शेवटी तेच म्हणाले, "ताई, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

बाराव्या दिवशी सकाळी खड्ड्याभोवती गर्दी होती. भाऊ तांब्या घेऊन आले, पाणी घातलं आणि तांब्यासकट खड्ड्याकडेला आडवे झाले. चेहरा पांढरा, हातपाय ताठ, झटके.

"अंगात आलं!" कोणीतरी ओरडलं. "खड्ड्यातल्या बाबांच्या सेवेकऱ्याच्या अंगात आलं!"

मी आणि सोपान पोहोचेपर्यंत त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं होतं, गळ्यात हार होता, आणि एक गृहस्थ हात जोडून त्यांना कांद्याचा भाव विचारत होते. सोपानने लोकांना ढकललं. मी आत धावले, यंत्र ओढत खिडकीशी आणून चालू केलं, तारा खिडकीतून बाहेर सोडल्या आणि पुन्हा बाहेर येऊन करवंट्यांमध्ये बसून पट्टे बांधले. पट्टी खिडकीतून खाली नारळांवर उतरायला लागली. इतकी स्वच्छ रेघ मी त्या यंत्रावर कधी पाहिली नव्हती. वर घंटा शांतपणे वाजत होती, एकसारखी. खाली बराच वेळ कोणी नव्हतं. मग एक पेशंट, सावकाश. मग पुष्कळ वेळाने दुसरा.

चेहऱ्यावर रंग आला. भाऊंनी डोळे उघडले, कपाळाला बोट लावून पाहिलं. "पुसा ते आधी," म्हणाले. मग, "कागद दाखवा."

मी पट्टी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. पडल्या पडल्या त्यांनी ती दुसऱ्यांची वाचत तशीच वाचली.

"हाऊ ते चौथा शे," हळूच म्हणाले. नंतर माझ्याकडे बघून, "चौथा एकदम येत नही, ताई. आधी तिसरा येस. तिसरा कुठे गेला?"

मी म्हणाले, "डॉक्टर आले."

डॉक्टरांनी त्यांना लगेच मुंबईला पाठवायचं ठरवलं. पेसमेकर तिथेच बसे. ट्रस्टची जीप होती. सोपान बरोबर गेला. इगतपुरीच्या पुढे, घाटात, भाऊ गेले. "दाराच्या पत्र्यावर बोटं वाजवत होते," सोपानने परत येऊन सांगितलं. "मग बोटं थांबली. मला वाटलं, डोळा लागला." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सोपानने एकही दांडी मारली नाही. 

डॉक्टर मला म्हणाले, "कार्ड तर नॉर्मल होतं हो. होतं असं कधी कधी अचानक." मी मान हलवली. आजवर ती हलवलेलीच होती.

आता यंत्रं स्वतःच सगळं छापतात, कात्री लागत नाही. खड्ड्याला फरशी बसली आहे, तिथे अजून मीठ वाहतात, कशाला ते कोणाला माहीत नाही. बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे. तो तुकडाही. मी त्याच्यामागे नाव लिहिलेलं नाही.

ती जीप सुटण्याआधीचं तेवढं राहिलं. भाऊंना मागच्या बाकावर उशांना टेकवून बसवलं होतं. फाटकाशी गर्दी होती; कोणीतरी माझ्या हातात प्रसादाचं खोबरं कोंबलं होतं आणि काखेत माझी पर्स होती, तो तुकडा अजून तिच्यातच. भाऊंनी मला जवळ बोलावलं. खिडकीतून उजवा तळहात बाहेर आला, उताणा, साडेपाचला यायचा तसा. 

मी त्या हातावर खोबरं ठेवलं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खड्ड्याच्या प्रसादाला हात लावला नव्हता. ते हसले, खोबरं तोंडात टाकलं आणि चावत चावत तोच हात पुन्हा माझ्यापुढे धरला. ड्रायव्हरने गिअर टाकला. मुंबई नाक्याच्या दिशेने जीप वळेपर्यंत तो हात बाहेरच होता.